ट्रंकेतल्या जपानी नोटा आणि कमानीवरचं नाव

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात माहेर आणि बेळगावात सासर असलेल्या, ४८ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून गाळलं आहे आणि मजकूर थोडा आखडला आहे.

पावसाआधी माहेरच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर आज्जाची पत्र्याची ट्रंक निघाली. आज्जा मिल्ट्रीत होता. १९५६ साली पेन्शनवर आला, १९८७ साली वारला. ट्रंकेत एक घोंगडी, वाळवीनं अर्धं खाल्लेलं एक छापील इंग्रजी पुस्तक, रंग उडालेल्या फितीला लटकलेला सहा टोकांचा तांबूस तारा आणि तंबाखूच्या डब्यात घडी घातलेल्या २३ नोटा होत्या. नोटांवर इंग्रजीत ‘द जपानीज गव्हर्नमेंट’ आणि खाली ‘रुपीज’ असं छापलेलं. ताऱ्यावर ‘बर्मा स्टार’ ही अक्षरं.

तेव्हापासून घरात तीन तट पडले आहेत. ताईंचे थोरले बंधू म्हणतात, जपानी पैसा घरात निघाला म्हणजे आज्जा नेताजींच्या आझाद हिंद सेनेतच असणार. देवळाच्या जीर्णोद्धारात नवी कमान उभी राहते आहे, तिच्यावर ‘आझाद हिंद सेनेचे शूर सैनिक’ म्हणून आज्जाचं नाव घालायचं त्यांनी पंचांशी बोलूनही टाकलं. निपाणीच्या चुलत भावाला मोबाइलवर कुणीतरी या नोटांचे तीन लाख देऊ केलेत, मात्र आधी नोंदणीचे साडेचार हजार भरायला सांगितलेत. आणि ७७ वर्षांच्या आत्या म्हणतात, ‘बा सांगायचा, त्या नोटा कुणाला दावू नका. ठेवा परत डब्यात.’ लहानपणी आत्यांनी त्यातली एक नोट वाण्याकडे नेली होती, तेव्हा आज्जानं पहिल्यांदा आणि शेवटचा त्यांच्यावर हात उगारला.

ताई विचारतात: ‘आज्जानं त्या नोटा मेलेल्या माणसाच्या खिशातून घेतल्या असतील का? की तो खरंच आझाद हिंदमध्ये होता आणि भीतीनं गप्प राहिला? दादाला अडवावं तर घरात भांडण, न अडवावं तर मनाला टोचणी. मी काय करू?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नोटांसाठी, दुसऱ्यांदा त्या वाण्याच्या प्रसंगासाठी. त्याकडे शेवटी येते.

आधी तातडीचं. निपाणीच्या भावाला आजच फोन करा आणि साडेचार हजार भरू नको म्हणून सांगा. भरले असतील तर पुढचा हप्ता तरी वाचवा. जुन्या नोटा-नाणी विकून देतो म्हणून नोंदणी, कमिशन, कर अशा नावांनी आधी पैसे उकळायचे, हा धंदा इतका वाढला की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढावं लागलं. आमच्या नावानं असे पैसे कुणी मागत असेल तर देऊ नका, असल्या व्यवहारात आम्ही नाही, हे तिनं त्यात स्पष्ट सांगितलं. नोटा खऱ्या गिऱ्हाइकाला हव्या असतील तर पैसे तो देईल. तुम्ही त्याला द्यायचे नाहीत. ओटीपी, बँकेचं पासबुक, आधारचा फोटो यातलं काही पाठवलं असेल तर भावानं बँकेत जाऊन तेही सांगावं आणि १९३० या नंबरवर तक्रार करावी.

तीन लाखांचं स्वप्नही मोडून टाकते, रागावू नका. जपान्यांनी आग्नेय आशियातल्या जिंकलेल्या मुलखात स्वतःचा येन वापरला नाही. त्या-त्या मुलखाच्या चलनाच्या नावानं कागद छापला. मलायात डॉलर, फिलिपिन्समध्ये पेसो, आणि ब्रह्मदेशात रुपये, कारण ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानचाच एक प्रांत होता आणि तिथं आपलाच रुपया चालायचा. म्हणून तुमच्या नोटांवर ‘रुपीज’ आहे. नोटेवर इंग्रजी ‘बी’ अक्षरानं सुरू होणारी खूण सापडते का बघा. तो ‘बर्मा’चा, म्हणजे ब्रह्मदेशचा बी. मलायाच्या नोटेवर एम असतो. बहुतेक नोटांवर नंबरच नसतात, नुसती अशी अक्षरं असतात. ज्या नोटेवर नंबर घालायचीही गरज वाटली नाही, ती किती छापली असेल विचार करा. आज जगभर संग्राहकांकडे त्यांच्या गड्ड्या आहेत, त्यामुळे साध्या नोटेला किरकोळ भाव येतो. २३ नोटांत कुणाचं घर उभं राहत नाही.

एक मात्र बघा. त्या डब्यात पंचम नव्हे तर सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली आपली नेहमीची नोट आहे का, आणि तिच्यावर ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा’ असा वरून छापा मारलेला आहे का? १९४५ मध्ये इंग्रज परत आले तेव्हा त्यांनी आपल्याच नोटांवर ते छापून तिथं चालवल्या. अशी निघाली तर ती वेगळी ठेवा, ती जपानी नोटेपेक्षा जास्त मोलाची. विकायचीच झाली तर नाण्या-नोटांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या जाणकारांना हातात देऊन दाखवा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून भाव विचारणं म्हणजे चोराला घरचा पत्ता सांगणं.

आता दादांकडे. त्यांनी धरलेला धागा असा: नोट जपानी, म्हणून माणूस जपान्यांच्या बाजूचा. हा धागा कच्चा आहे. नोट एवढंच सांगते की ती ज्याच्या हातात आली तो माणूस, किंवा ती त्याला देणारा, कधीतरी त्या मुलखात होता. कुठल्या बाजूनं होता हे नोटेला ठाऊक नसतं.

आणि बाजू सांगणारी वस्तू तुमच्याच ट्रंकेत आहे, तिच्यावरून तुम्ही पत्रात एका ओळीत पुढे गेलात. तो तारा. बर्मा स्टार हे इंग्रज सरकारनं आपल्या बाजूनं ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्यांना दिलेलं पदक आहे. फीत उजेडात धरून बघा: मधोमध लाल पट्टा, दोन्हीकडे गडद निळा आणि त्या निळ्यात एकेक केशरी पट्टी दिसली तर खात्रीच. त्याला जोडून पेन्शन बघा. लढाई संपल्यावर आझाद हिंदमधून परत आलेल्या फौजींची इंग्रजांनी पांढरे, करडे आणि काळे अशी वर्गवारी केली होती. करड्या आणि काळ्यांना नोकरीतून काढलं, पांढऱ्यांना तेवढं ठेवलं. तुमचा आज्जा १९५६ पर्यंत पलटणीत राहिला आणि मरेपर्यंत पेन्शन खाल्ली. तारा, नोकरी, पेन्शन ही तिन्ही एकत्र ठेवली की आझाद हिंदचा अंदाज मला तरी टिकताना दिसत नाही. पण शेवटचा शब्द माझा नाही, कागदाचा.

तो कागद तुमच्या घरापासून फार लांब नाही. तुमच्या पत्रात आज्जाच्या पलटणीचं नाव नाही, पण आपल्या भागातून गेलेला माणूस असल्यानं मराठा लाइट इन्फन्ट्रीपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. पलटणीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे आणि तिचं रेकॉर्ड ऑफिसही इथंच. त्या वाळवी लागलेल्या पुस्तकाची उरलेली पानं फेकू नका. बहुधा ते डिस्चार्ज बुक किंवा पे बुक असेल. त्यात आर्मी नंबर मिळाला तर अर्धं काम झालं. तो नसेल तर पेन्शनच्या कागदावर, म्हणजे पी.पी.ओ.वर असतो. आत्यांकडे जुनं पासबुक किंवा मनिऑर्डरची पावती असली तरी चालेल. सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं नातं दाखवणारा कागद आणि साधा अर्ज. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कसा लिहायचा ते सांगतात.

इथं आपल्याकडची एक खास अडचण येते, बाकीच्या वाचकांसाठीही सांगून ठेवते. आज्जाचं नाव पलटणीच्या कागदावर साहेबानं ऐकलं तसं इंग्रजीत, जुन्या उताऱ्यावर मराठीत आणि मृत्यूच्या दाखल्यावर कन्नडमध्ये, अशी तीन नावं झालेली असतात. गावाचं स्पेलिंग वेगळं, कधी आडनावाच्या जागी बापाचं नाव. कारकुनाशी भांडू नका. तिन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र आधीच करून न्या, कन्नड दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. दोन हेलपाटे वाचतील.

आणि रेजिमेंटचं नाव सापडलं की ‘मराठा’ एवढ्यावर थांबू नका, कितवी पलटण, म्हणजे कितवी बटालियन, ते विचारा. एकाच रेजिमेंटच्या वेगवेगळ्या पलटणी त्या लढाईत वेगवेगळ्या टोकांना होत्या. चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांच्या वेढ्यात सापडली होती. तिथं गेलेल्या चार-पाच दिवसांनी कोहिमाकडे निघालेली जपानी फौज खोळंबली. तिसरी त्याच वर्षी इटलीत होती. तिच्याच नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुमचा आज्जा यातला कुणीही नसेल. मोटार चालवत असेल, खेचरं हाकत असेल, स्वयंपाक करत असेल. बर्मा स्टार त्यालाही मिळतोच.

इटलीवरून आठवलं, जरा आडवाटेला जाते. माझ्या आजोळी शहापूरला शेजारच्या आज्जांकडे एक नोट होती, लहान चौकोनी, निळसर. आम्ही पोरं तिला ‘खेळातली नोट’ म्हणायचो. पुढं कळलं, ती दोस्त फौजांनी इटलीत उतरताना छापून आणलेली लिरा. शत्रूचा मुलूख घेतला की पहिल्यांदा पैसा आपला करायचा, हे जपान्यांनीच केलं असं नाही. त्या लिरेच्या मागच्या बाजूला इंग्रजीत चार स्वातंत्र्यं छापलेली असतात: बोलण्याचं, धर्माचं, अभावापासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती. रूझवेल्टच्या १९४१ च्या भाषणातली. आता बघा, १९४३-४४ साल. गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, बंगालात माणसं भुकेनं मरताहेत आणि आपल्याकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा इटलीत विडीकाडीसाठी तो कागद मोजतोय. त्याला इंग्रजी येत नव्हतं हे बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दादांच्या मनात काय चाललं असेल त्याचा अंदाज मला तिथूनच येतो. आपला आज्जा इंग्रजांच्या बाजूनं लढला, हे त्यांना कुठंतरी खुपत असणार. जपानी नोट दिसली आणि सुटका झाल्यासारखं वाटलं असेल. त्यांना खोटं ठरवायला जाऊ नका. पण शांतपणे विचारा, की आझाद हिंदमध्ये नसता तर आज्जा कमी ठरतो का? त्या लढाईत हिंदी फौजेत सुमारे पंचवीस लाख माणूस होता, आणि ती भरती सक्तीची नव्हती. मग ही माणसं का गेली? कुणी पाऊस पडला नाही म्हणून, कुणी बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं म्हणून, कुणाचा बाप आणि चुलता पलटणीत होता म्हणून. आझाद हिंदमध्ये गेलेले बरेचसे लोकही मुळात याच फौजेतले. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं तेव्हा कैद झालेले. एकाच गावातली, एकाच वर्गातली दोन पोरं दोन बाजूंना असू शकत होती. त्यांच्यातला एक निवडून दुसऱ्याच्या अंगावर त्याचा सदरा चढवायचा, तर ज्यांनी खरोखर तो सदरा घातला आणि त्याची किंमत मोजली, त्यांचंही त्यात काहीतरी हिरावलं जातं. हे दादांना पटेल असं वाटतं, कारण नेताजींवर त्यांचा जीव आहे.

पंचांसमोर मात्र हे बोलू नका. दादांनी शब्द दिलाय, चारचौघांत तो मागे घ्यायला लावलंत तर ते हट्टाला पेटतील. ‘रेकॉर्ड ऑफिसातून कागद आला की नंबर आणि पलटणीसकट नाव घालू, म्हणजे पक्कं होईल,’ एवढंच म्हणा. कमानीचं काम नाहीतरी पावसात थांबणारच आहे. आपल्याकडच्या काही जुन्या गावांत चावडीजवळ पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी असते: या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. नुसते आकडे. तुमच्या कमानीवर नाव, आर्मी नंबर, पलटण आणि ‘ब्रह्मदेश आघाडी’ एवढं आलं तरी त्या पाट्यांपेक्षा ते कितीतरी जास्त आहे. पाटी कुठल्या भाषेत हा आपल्याकडचा कायमचा वाद. त्यात कृपा करून आज्जाला ओढू नका.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न, खिशातून घेतलेल्या नोटांचा. असं घडलंच नसेल, असं मी म्हणणार नाही. लढाईत मेलेल्याच्या खिशातून वस्तू निघतात आणि कुठल्याही फौजेचे लोक त्या घेतात. पण त्या नोटा मिळवायला कुणाचा खिसा चाचपण्याची गरजच नव्हती. मे १९४५ च्या सुरुवातीला रंगून परत हाती आलं आणि इंग्रजांनी जपानी पैसा रद्द ठरवला. एका दिवसात सगळा कागद रद्दी. रंगूनच्या रस्त्यावर पाचोळ्यासारख्या पडलेल्या नोटांचे त्या वेळचे फोटो आहेत. शिपायांनी वाकून उचलल्या, घरी दाखवायला म्हणून पॅकमध्ये टाकल्या. ज्यांची सगळी कमाई त्या नोटांत होती त्या तिथल्या दुकानदारांचं काय झालं असेल, हे नोव्हेंबर २०१६ बघितलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की तिथं बदलून घ्यायला रांगसुद्धा नव्हती.

तुमच्या आज्जाच्या २३ नोटा कशा आल्या, हे आता कुणी सांगू शकणार नाही. तुम्हाला त्या जागी एक गोष्ट रचून बसवावीशी वाटते आहे, वाईटातली वाईट. दादा चांगल्यातली चांगली रचताहेत. दोघं करताय एकच. ती जागा मोकळी राहू द्या.

नोटांच्या वाटणीबद्दल. एकत्र ठेवल्या पाहिजेत असं काही नाही. चार घरांत चार-पाच गेल्या तर काही बिघडत नाही, जळीत-वाळवीत सगळ्या एकदम जाण्यापेक्षा बरंच. पण वाटण्याआधी डबा, नोटा, तारा, घोंगडी सगळं जसं सापडलं तसं एकत्र ठेवून फोटो काढा, मग प्रत्येक नोटेच्या दोन्ही बाजूंचे. आणि प्रत्येक वाट्यासोबत अर्धं पान लिहून द्या: कुणाच्या, कुठं सापडल्या, केव्हा, कोण हजर होतं, आत्या काय म्हणाल्या. ‘असं दिसतं’ आणि ‘असं ऐकलं’ हे वेगवेगळं लिहा. तुमच्या नातवंडांच्या हातात नोट जाईल तेव्हा हे अर्धं पान नसेल, तर पुन्हा कुणी दादा आणि कुणी तुम्ही तयार व्हाल. रेजिमेंटच्या संग्रहालयाला द्यावीशी वाटली तर विचारून बघा, पण अशा नोटा त्यांच्याकडेही असू शकतात. डिस्चार्ज बुकाचं त्यांना जास्त अप्रूप वाटेल. काहीही दिलंत तरी पोच घ्या.

लॅमिनेशन करू नका. हे ठळक समजा. घरात एखादा हौशी भाचा असतोच, तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून आणतो. तापलेलं प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नोट गेली. सेलोटेप, फेव्हिकॉल, इस्त्री, यातलंही काही नको. घडी मोडत असेल तर मोडू द्या, वहीच्या दोन कोऱ्या पानांत सपाट ठेवा, वर जड पुस्तक. तुमच्या खानापूरकडच्या पावसात कागदाला बुरशी लागायला आठवडा पुरतो, म्हणून पावसाळाभर तरी नोटा बेळगावच्या घरी, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तंबाखूचा डबा वेगळा जपा, नोटा त्यात परत घालू नका. आत्यांना वाईट वाटेल. त्यांना रिकामा डबा द्या.

आणि आत्या. कागद रेकॉर्ड ऑफिसात पुढच्या वर्षीही मिळेल. आत्या ७७ वर्षांच्या आहेत. पुढच्या रविवारी जा. फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, त्यांना सांगून. लढाईचं विचारू नका, त्यांना ते ठाऊक नाही आणि ठाऊक नाही म्हणायला त्या लाजतील. घरातलं विचारा. बा रात्री नीट झोपायचा का? भात खायचा का? सुटीवर कोण भेटायला यायचं, त्याला काय म्हणून हाक मारायचा? ट्रंकेला कुलूप होतं का, किल्ली कुणाकडं?

‘कुणाला दावू नका’ या वाक्यात तुम्ही पाप ऐकलंत, दादांनी गुपित ऐकलं. मला त्यात वाण्याचं दुकान ऐकू येतं. १९५६ चा सुमार असेल. सात-आठ वर्षांची पोर डब्यातून ‘रुपीज’ लिहिलेली नोट काढते आणि दुकानात नेते. वाणी काय म्हणाला असेल? हसला असेल, की चारचौघांत ‘फौजीची पोर खोटी नोट घेऊन आली’ म्हणाला असेल? नुकताच पेन्शनवर आलेला माणूस, गावात अजून नीट रुजलेला नाही. हात उगारायला तेवढं पुरतं. त्यानंतर ‘कुणाला दावू नका’ हेही आलंच. हाही माझा अंदाजच, आणि मीच तुम्हाला मघाशी अंदाज करू नका म्हणाले. पण हा पडताळून बघता येतो, कारण तिथं हजर असलेलं माणूस अजून आहे.

तर रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आत्यांना पहिलं हेच विचारा: त्या दिवशी वाण्याकडून काय आणायचं होतं?